कॅडबरी कुणाची?

'कॅडबरी' हे मराठीत विशेषनाम राहिलेलं नाही. पोरगं दुकानात जाऊन 'काका, एक कॅडबरी द्या' म्हणतं आणि काका विचारतात, 'कुठली देऊ?' त्या 'कुठली'मध्ये नेस्लेचीही कॅडबरी येते आणि अमूलचीही. ठाण्यात तर हा शब्द भूगोलात जाऊन बसला आहे. पूर्व द्रुतगती महामार्गावर कॅडबरी जंक्शन आहे, आणि रिक्षावाल्याला नुसतं 'कॅडबरी' म्हटलं तरी पुरतं.

आता हातातल्या चॉकलेटचं वेष्टन उलटं करून बारीक अक्षरं वाचा. तिथे कंपनीचं नाव दिसेल 'मोंडेलीझ इंडिया फूड्स'. हे नाव घेऊन कुणीही चॉकलेट मागत नाही. पुढच्या बाजूला ज्या कुटुंबाचं आडनाव आहे, त्याचा या कंपनीच्या मालकीशी आता काही संबंध उरलेला नाही.

यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. चव आवडते तोवर खा, मालक कोण का असेना. बाजाराच्या दृष्टीने हे उत्तर चोख आहे. पण कॅडबरीच्या दोनशे वर्षांच्या गोष्टीत एक प्रश्न अडकून पडला आहे आणि तो फक्त चॉकलेटचा नाही. एखादा मालक कामगारांना, गावाला, गिऱ्हाइकाला काही शब्द देतो. पुढे तो मरतो, त्याची मुलं धंदा वाढवतात, नातवंडं भाग विकतात. मग त्या शब्दाचं काय होतं? घर विकताना भिंतींसोबत गळकं छप्परही नव्या मालकाकडे जातं. कंपनी विकताना दिलेला शब्द जातो का?

दुकान, कारखाना, गाव

१८२४ साली जॉन कॅडबरीने बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं. चहा, कॉफी, कोको असा माल. हे कुटुंब क्वेकर होतं. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटा पंथ, युद्धाला आणि दारूला विरोध करणारा. ते कोर्टातही शपथ घ्यायला नकार देत. माणसाने नेहमीच खरं बोलावं, मग शपथेवरचं खरं वेगळं कशाला, असं त्यांचं म्हणणं. धंद्यातही ते एकच भाव सांगत, घासाघीस नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे त्यांना बराच काळ बंद होते, सैन्यात ते जात नसत, त्यामुळे हुशार क्वेकर मुलं व्यापारात उतरली. इंग्लंडातली चॉकलेटची तीन मोठी घराणी, फ्राय, राउंट्री आणि कॅडबरी, तिन्ही क्वेकर होती हा योगायोग नव्हे. गरिबाने दारूऐवजी कोको प्यावा, ही त्यामागची कळकळही खरी होती.

१८६१ साली धंदा रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांकडे आला, तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. त्यांनी तो सावरला. १८७९ साली शहराच्या धुरातून बाहेर, मोकळ्या माळावर कारखाना नेला आणि जागेला नाव दिलं बोर्नव्हिल. (बोर्नव्हिटातलं 'बोर्न' तिथलं.) १८९५ पासून जॉर्जने आसपासची जमीन घेऊन घरं बांधायला सुरुवात केली. प्रत्येक घराला बाग, मध्ये मैदानं, आणि पब मात्र एकही नाही. फक्त कारखान्यातल्या कामगारांसाठी नाही, इतरांनाही तिथे राहता यावं असा विचार होता.

१९०० साली त्याने एक गोष्ट केली, ती या लेखासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. तीनशेतेरा घरं आणि तीनशेतीस एकर जमीन त्याने बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टच्या नावावर करून टाकली. आपल्या मुलांनाही ही जमीन विकून पैसे करता येणार नाहीत, अशी व्यवस्था त्याने हयातीतच केली.

कारखान्याचं मात्र त्याने तसं केलं नाही. १८९९ साली रिचर्ड गेल्यावर धंद्याची मर्यादित कंपनी झाली आणि तिचे शेअर कुटुंबाकडे राहिले. त्या वेळी या फरकाकडे कुणी लक्ष दिलं नसावं. कुटुंब चांगलं होतं, कामगारांसाठी पेन्शन फंड होता, खेळाची मैदानं होती, डॉक्टर होते. कारखाना आणि गाव एकाच माणसाच्या मनातून आलेले. फक्त एकाच्या मालकीला कुलूप लागलं आणि दुसऱ्याच्या मालकीचं दार उघडं राहिलं.

चांगला मालक किती लांब बघतो?

इथे थांबून 'कसे होते ते जुने मालक!' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण याच वर्षांत आणखी एक गोष्ट घडत होती.

कॅडबरीच्या कोकोचा मोठा हिस्सा साओ टोमे या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज बेटावरून येत होता. तिथल्या मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर राबत. कागदावर त्यांचा ठरावीक मुदतीचा करार असे, प्रत्यक्षात जवळजवळ कुणीच परत जात नसे. १९०१ साली कुटुंबातल्या विल्यम कॅडबरीच्या पाहण्यात बेटावरच्या एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. मालमत्तेच्या यादीत मजूरही होते.

गुलामीविरोधी चळवळीला मदत करणाऱ्या घराला यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा होता? पण त्यांनी चौकशी सुरू केली. पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली. १९०५ साली जोसेफ बर्ट नावाचा माणूस तपासणीसाठी पाठवला. आपण गिऱ्हाईक राहिलो तर आपल्या शब्दाला वजन राहील, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्ष खरेदी थांबली १९०९ साली. मधली आठ वर्षं त्या बेटावरचा कोको बोर्नव्हिलच्या बागांशेजारच्या कारखान्यात येत राहिला.

'स्टँडर्ड' या वर्तमानपत्राने यावर ढोंगीपणाचा आरोप केला, तेव्हा कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. १९०९ च्या डिसेंबरात ते तो जिंकले. ज्युरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तुमची कायद्याने बदनामी झाली हे खरं, पण तुमच्या नावाला जे नुकसान झालं त्याची किंमत एवढीच, असा त्याचा साधा अर्थ कुणालाही कळण्यासारखा होता.

मला हे कुटुंब ढोंगी वाटत नाही. त्यांना त्रास होत होता, म्हणून तर त्यांनी माणूस पाठवला. पण बोर्नव्हिलच्या कामगाराची खोली जॉर्जला चालत जाऊन बघता येत होती, साओ टोमेच्या मजुराची झोपडी दिसत नव्हती. बोर्नव्हिलचा कामगार रस्त्यात भेटला तर मालकाला दोन शब्द सुनावू शकत होता. बेटावरच्या मजुराला मालकाचं नावही ठाऊक नव्हतं. चांगुलपणा नजरेच्या टप्प्यात फुलला आणि टप्प्याबाहेर आठ वर्षं रेंगाळला. मालक चांगला असणं पुरेसं असतं का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं, आणि अजून तर कंपनी विकलीही गेलेली नाही.

१९३१ च्या ऑक्टोबरात, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधी बर्मिंगहॅममध्ये वुडब्रुक इथे उतरले होते. वुडब्रुक हे एके काळचं जॉर्ज कॅडबरीचं राहतं घर. त्याने ते क्वेकर अभ्यासकेंद्रासाठी देऊन टाकलं होतं. जॉर्जला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तो असता तर दोघांचं छान जमलं असतं, असं वाटतं. धनिकाने स्वतःला मालक न मानता समाजाच्या वतीने संपत्ती सांभाळणारा विश्वस्त मानावं, हा गांधींचा विचार आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जॉर्ज कॅडबरी या विचाराच्या जवळपास जाणारा कारखानदार होता. म्हणूनच त्याच्या कंपनीचं पुढे काय झालं, ही गांधींच्या विचाराचीही एक प्रकारे परीक्षा आहे.

शेअर नावाची वस्तू

पुढचा प्रवास एका वाक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचं होतं. १९१९ साली फ्राय कंपनी कॅडबरीत आली, १९६२ साली कॅडबरीचे शेअर बाजारात आले, १९६९ साली ती श्वेप्स या पेयांच्या कंपनीत मिसळली आणि २००८ साली अमेरिकेतला पेयांचा धंदा वेगळा होऊन पुन्हा नुसती कॅडबरी उरली. कुटुंबातली माणसं दीर्घकाळ अध्यक्षपदी होती, डॉमिनिक कॅडबरी तर २००० सालापर्यंत. पण अध्यक्ष असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. कुटुंब वाढत गेलं, हिस्से लहान होत गेले, विकले गेले. कुणीही कधीही 'आम्ही वारसा विकतो' असं ठरवलं नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या क्राफ्ट फूड्सने कॅडबरीसाठी जाहीर बोली लावली. संचालक मंडळाने ती झिडकारली, ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी गळा काढला. पण बोली जाहीर होताच शेअरचा भाव चढला आणि जुने, सबुरीचे भागधारक नफा घेऊन बाहेर पडू लागले. त्यांचे शेअर घेतले हेज फंडांनी. सुरुवातीला अशा अल्पमुदतीच्या खरेदीदारांकडे पाचएक टक्के शेअर होते, शेवटी तीस टक्क्यांच्या आसपास गेले. त्यांना चॉकलेटशी देणंघेणं नव्हतं, त्यांना सौदा व्हायला हवा होता. जानेवारी २०१० मध्ये सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांना सौदा झाला. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉजर कार यांनी नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली की जवळजवळ दोनशे वर्षांच्या कंपनीचं भवितव्य काही दिवस किंवा आठवडे शेअर बाळगणाऱ्यांनी ठरवलं. क्राफ्टला कर्ज देणाऱ्या बँकांमध्ये एक होती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड, जी मंदीत बुडताना वाचवल्यामुळे तेव्हा बहुतांश सरकारी, म्हणजे जनतेच्या मालकीची होती.

आता सॉमरडेलची गोष्ट. ब्रिस्टलजवळच्या केन्शॅममधला हा फ्रायचा जुना कारखाना. तो बंद करून उत्पादन पोलंडला न्यायचा निर्णय २००७ मध्ये खुद्द कॅडबरीने घेतला होता. हे लक्षात ठेवायला हवं, कारण लोक ते विसरतात. बोली लावताना क्राफ्टने म्हटलं की आमच्याकडे मालकी आली तर आम्ही हा कारखाना चालू ठेवू शकू. चारेकशे कामगारांनी त्यावर आशा ठेवली. सौदा पक्का झाला आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी क्राफ्टने सांगितलं, नाही जमणार, पोलंडमधलं काम फार पुढे गेलं आहे. ब्रिटनच्या टेकओव्हर पॅनेलने याबद्दल क्राफ्टला जाहीर ठपका दिला. पुढे नियमही बदलले, बोलीच्या काळात केलेल्या अशा विधानांना कंपनी बांधील राहील अशी तरतूद झाली. कारखाना २०११ मध्ये बंद झाला.

यात खोटं कोण बोललं? क्राफ्टने शब्द दिला आणि तो टिकवायची खरी तयारी आहे का, हे आधी पाहिलं नाही. जुन्या कॅडबरीने शब्द दिलाच नव्हता, तिने सरळ बंद करायचं ठरवलं होतं. हेज फंडांनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. सामान्य भागधारकाने चांगला भाव आला म्हणून विकलं, तुम्हीआम्हीही विकलं असतं. कामगाराने दार ठोठवायचं तर कुणाचं? जॉर्जच्या काळात दार एक होतं आणि ते माहीत होतं. आता हजारो दारं होती, आणि प्रत्येक दारामागचा माणूस प्रामाणिकपणे म्हणू शकत होता, 'मी नाही हो त्यातला.'

क्राफ्टचंही पुढे २०१२ मध्ये विभाजन झालं. खाऊचा धंदा ज्या भागाकडे आला त्याला नवं नाव हवं होतं. कर्मचाऱ्यांच्या सूचनांमधून 'मोंडेलीझ' हा शब्द घडवला गेला. कुणाचंही आडनाव नाही, कुठलंही गाव नाही.

मुंबईतला निकाल

आपल्याकडच्या कॅडबरीची गोष्ट थोडी वेगळी आणि माझ्या मते जास्त बोलकी आहे.

१९४८ साली कंपनी भारतात आली. सत्तरच्या दशकात परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतला हिस्सा कमी करावा लागला, तेव्हा सामान्य भारतीयांनी तिचे शेअर घेतले. काही वर्षं कंपनीचं नावही 'हिंदुस्थान कोको प्रॉडक्ट्स' होतं. उदारीकरणानंतर वारं फिरलं. २००२ मध्ये इंग्लंडच्या मूळ कंपनीने भागधारकांकडून ५०० रुपये भावाने शेअर परत घ्यायला सुरुवात केली, आणि २००३ मध्ये शेअर बाजारातून नाव काढलं गेलं. बहुतेकांनी विकले. दोन-अडीच टक्के शेअरवाले मात्र अडून बसले.

कंपनीने मग भांडवल कपातीचा मार्ग घेतला. म्हणजे उरलेल्या भागधारकांना पैसे द्यायचे आणि त्यांचे शेअर रद्दच करायचे. कंपनीचा भाव होता १,३४० रुपये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात काही वर्षं चाललं, न्यायालयाच्या सांगण्यावरून नव्याने मूल्यांकन झालं आणि मे २०१४ मध्ये २,०१४ रुपये ५० पैसे या भावाला मंजुरी मिळाली. थांबलेल्यांना चौपट मिळाले. हिशेबात ते जिंकले.

पण हिशेब बाजूला ठेवून बघा. वाद कशावर झाला? किंमत रास्त आहे का, यावर. 'मला विकायचंच नाही' हे उत्तर त्या चौकटीत निर्णायक ठरत नव्हतं. माझं घर रास्त भाव देऊन शेजाऱ्याने घ्यायचं ठरवलं तर मी नाही म्हणू शकतो. शेअरच्या बाबतीत बहुमत आणि न्यायालय एका बाजूला असेल तर तसं म्हणता येत नाही. ही काही चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच, मुंबईतल्या एका भागधारक बाईंच्या प्राप्तिकराच्या खटल्यात, हे स्पष्ट केलं होतं. चहाच्या मळ्यांच्या कंपनीचे शेअर असणं म्हणजे मळ्यांची मालकी नव्हे. भागधारकाला नफ्याचा वाटा मिळतो, मत मिळतं, कंपनी मोडली तर उरल्यासुरल्यात हिस्सा मिळतो. मळा कंपनीचा असतो.

मग कंपनी कुणाची? कायदा म्हणतो, ती कुणाचीच वस्तू नाही, ती स्वतःच एक व्यक्ती आहे. शेअर म्हणजे तिच्यावरच्या काही हक्कांचा गठ्ठा. आपण 'मालक बदलला' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात हा गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला असतो. गठ्ठ्यात नफा असतो, मत असतं. जॉर्जची कामगारांबद्दलची कळकळ त्या गठ्ठ्यात कधी बांधलीच गेली नव्हती. ती त्याच्याजवळ होती आणि त्याच्याबरोबर गेली.

ज्याला कुलूप होतं

आता एक तुलना. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये मिल्टन हर्शी नावाचा चॉकलेटवाला होता. त्यानेही कारखान्याभोवती गाव वसवलं. त्याला आणि बायकोला मूल नव्हतं. त्यांनी १९०९ साली अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि १९१८ साली हर्शीने आपले कंपनीतले शेअर त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकले. जॉर्ज कॅडबरीने गाव ट्रस्टला दिलं, हर्शीने कारखान्याची मालकीच दिली.

२००२ मध्ये ट्रस्टनेच कंपनी विकायचं मनात आणलं. सगळी संपत्ती एकाच कंपनीत अडकवणं शाळेसाठी धोक्याचं आहे, हे त्यांचं कारण तसं बरोबर होतं. रिग्लीने साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले. बोली लावणाऱ्यांत नेस्लेच्या जोडीने दुसरी कंपनी कोण होती? कॅडबरी श्वेप्स. आठ वर्षांनी स्वतः विकली गेलेली कॅडबरी त्या दिवशी दुसऱ्याचं गाव विकत घ्यायला निघाली होती. हर्शी गावचे लोक रस्त्यावर उतरले, राज्याचे महाधिवक्ता कोर्टात गेले, कोर्टाने विक्री थोपवली आणि ट्रस्टने माघार घेतली. २०१६ मध्ये मोंडेलीझने सुमारे तेवीस अब्ज डॉलर पुढे केले. तेव्हाही उत्तर नाही असंच आलं. कॅडबरी घेणाऱ्या कंपनीला हर्शी घेता आली नाही, आणि त्याचं मोठं कारण १९१८ सालचा एक कागद आहे.

पण कुलूप हीही मोफत मिळणारी गोष्ट नाही. मेलेल्या माणसाचं मत जिवंतांवर किती काळ चालावं? बोर्नव्हिलच्या ट्रस्टच्या मूळ वस्तीत आजही पब नाही. एकाला ती शांतता वाटते, दुसऱ्याला पणजोबांची दादागिरी. आणि कुलपाची किल्ली विश्वस्तांकडेच असते. २००२ मध्ये विकायला निघालेले विश्वस्तच होते, त्यांना अडवलं बाहेरच्यांनी. आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. सहकारी साखर कारखाने सभासद शेतकऱ्यांचे होते, बाजारात जाऊन कुणी ते विकत घेऊ शकत नव्हतं. तरी कर्जात बुडून कितीतरी कारखाने लिलावात खाजगी हातांत गेले. कागदावर मालक शेतकरी होता, पण सर्वसाधारण सभेत उठून जाब विचारणारा शेतकरी किती ठिकाणी होता?

आणि कोको तोडणारा? त्याच्यासाठी ट्रस्टची कंपनी आणि बाजारातली कंपनी यांत फार अंतर दिसत नाही. २०२१ मध्ये मालीमधल्या काही तरुणांनी, लहानपणी आम्हाला आयव्हरी कोस्टच्या मळ्यांत राबवलं असं म्हणत अमेरिकेत मोठ्या चॉकलेट आणि कोको कंपन्यांवर दावा लावला. त्यात मोंडेलीझ होती आणि हर्शीही होती. पुढच्या वर्षी कोर्टाने तो दावा फेटाळला. साओ टोमेपासून शंभराहून अधिक वर्षं गेली, मालकीचे सगळे प्रकार आजमावून झाले, तरी त्या टोकाच्या माणसाला अजूनही योग्य दार सापडलेलं नाही.

मग मालक कोण?

गांधींच्या विचाराकडे परत येतो. विश्वस्तपणा हृदयातून यावा, असं ते म्हणत. कॅडबरीची गोष्ट सांगते की हृदयातून येणारा विश्वस्तपणा खरा असतो, पण तो वारशात मिळत नाही आणि नजरेच्या टप्प्याबाहेर पातळ होतो. हर्शीची गोष्ट सांगते की कागदावर उतरवलेला विश्वस्तपणा शंभर वर्षं टिकू शकतो, पण तोही बाहेरून कुणी हटकलं तरच. दोन्हीतून मला एकच गोष्ट हाती लागते. 'मालक चांगला आहे का' हा प्रश्न आपण जरा जास्तच विचारतो. 'या मालकाला जाब कोण विचारू शकतं' हा प्रश्न आधी विचारायला हवा. बोर्नव्हिलचा कामगार विचारू शकत होता. हर्शीचं गाव विचारू शकलं. सॉमरडेलच्या कामगारांना ठपक्याचा कागद मिळाला. कोकोच्या मळ्यातल्या मुलाला तेवढंही नाही.

आणि हा जाब ज्यांना विचारायचा त्या हजारो दारांमागे आता आपणही बसलो आहोत. तुमची पाचशे रुपयांची एसआयपी इंडेक्स फंडात जात असेल तर तुम्ही देशातल्या बड्या खाद्य कंपन्यांचे अगदी किंचित का होईना, वाटेकरी आहात. पीएफ कापला जात असेल तर त्याचाही काही भाग २०१५ पासून शेअर बाजारात जातो. कॅडबरी विकणाऱ्यांतही पेन्शन फंड होते, म्हणजे कुणा शिक्षिकेची, कुणा बसचालकाची म्हातारपणाची पुंजी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही. आपल्या फोनवर हिरवा आकडा दिसला की आपण ॲप बंद करतो. त्या आकड्यात कुठला कारखाना बंद झाला हे लिहिलेलं नसतं.

'मी एकटा काय करणार' हे खरंच आहे. पण तेच वाक्य हेज फंडाचा माणूसही म्हणाला असता. भारतात म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या कुठल्या ठरावावर आपण कसं मत दिलं, हे वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. ते मत तुमच्या पैशाच्या जोरावर दिलेलं असतं. मी परवा माझ्या फंडाचा तो तक्ता पहिल्यांदा उघडला. शेकडो ओळी, आणि बहुतेक ठिकाणी एकच शब्द, 'बाजूने'. मी कितीतरी गोष्टींच्या बाजूने मत देऊन बसलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. एका ठरावाबद्दल फंडाला ईमेल लिहिला आहे. उत्तर येईल न येईल, पण दार ठोठावलं आहे.